नजर पायांवर

बिजलीबाईचा चेहरा मी पहिली चार वर्षं पाहिलाच नव्हता. १९५६ साली महागाव तालुक्यातल्या त्या बंजारा तांड्यावर मी शाळामास्तर म्हणून गेलो, तेव्हा तिथं पंचवीस-तीस झोपड्या, एक विहीर, एक देऊळ आणि शाळेच्या नावानं पळसाच्या पानांचा एक मांडव, एवढाच कारभार होता. मी दारव्ह्याकडचा, कुणब्याच्या घरचा. नोकरी नवी आणि डोक्यात सुधारणेचं वारं. तांड्यातल्या सुना आरशांच्या टिकल्या लावलेल्या ओढणीचा घुंगट हनुवटीच्याही खाली ओढून विहिरीवर यायच्या आणि इकडं माझा पारा चढायचा. या बायांना तोंड दिलंय कशासाठी, असं मी तांड्याच्या नायकालासुद्धा तावातावानं विचारलं होतं. नायकानं मला चहा पाजला आणि विषय पाऊसपाण्यावर नेला.

त्या तांड्यात गुलाबसिंगबाबांचं घर शाळेला लागूनच होतं. बाबा साठीचे, उंच, हाडापेराचे. त्यांच्या बापानं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातलेला, बाबांनी मात्र जमीन धरली आणि कपाशी पेरली. बायको वारलेली. एकुलता मुलगा फुलसिंग दिवसभर शेतात असायचा. म्हणजे दोन लहान नाती सोडल्या तर घरी माणसं दोनच, सासरा आणि सून. सून म्हणजे बिजलीबाई. आणि तांड्याच्या रिवाजाप्रमाणं सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, त्याच्यासमोर घुंगट वर करायचा नाही. मी गेलो तेव्हा तिच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण त्या दोघांत एका शब्दाची देवाणघेवाण नव्हती.

मी एकदा फुलसिंगची फिरकी घेतली. म्हटलं, "काहो, तुमच्या घरात दिवसभर कुत्रं तरी भुंकते काय?"

तो हसला. "गुरुजी, आमच्या घरी कोनाचं काई अडत नाई. बा दारात आले की तिले समजते भूक हाय का राग हाय."

मला ते नवऱ्याचं कौतुक वाटलं. मी सोडून दिलं.

साठ सालच्या होळीला बाबांनी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, तेव्हा माझं लक्ष गेलं. चाळीस वर्षं त्यांनी डाव्या गालात तंबाखूचा बार धरला होता. त्याच गालात आतून गाठ आली होती आणि ती त्यांनी दोन महिने लपवली होती. पुढं फुलसिंगनं सांगितलं की ही गोष्ट सर्वांत आधी बिजलीबाईनं ताडली होती. जेवायला हाक गेली की बाबा उंबऱ्यापाशी थबकतात, पाय आत टाकत नाहीत, असं तिनं नवऱ्याला सांगितलं होतं. नवऱ्यानं कानाआड केलं. पुसदच्या डॉक्टरांनी टॉर्च लावून गाल पाहिला, मला बाजूला घेतलं आणि त्या रोगाचं नाव सांगितलं. तेव्हा ते नाव कोणी मोठ्यानं घेत नसे. नागपूरला न्या, उशीर करू नका, एवढंच ते फुलसिंगला म्हणाले.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या होत्या, माझा मेव्हणा नागपुरात होता आणि मला वाचता-लिहिता येत होतं. तेव्हा मीही निघालो. बाबा, फुलसिंग, बिजलीबाई आणि मी. एक मेच्या दिवशी आम्ही नागपुरात उतरलो तर रस्त्यांवर कमानी आणि पताका. नवं राज्य झालं होतं. बाबांना वाटलं कोणाचं तरी मोठं लग्न आहे.

दुसऱ्या दिवशी सोमवारी मोठ्या दवाखान्यात बाबांचं वजन झालं. काटा एकशे बारा पौंडांवर थांबला. डॉक्टर मध्यमवयीन होते, बोलणं मोजकं. त्यांनी आम्हाला समोर बसवून साफ सांगितलं.

"विजेचे तीस शेक द्यायचे. रोज एक, शनिवार-रविवार सुट्टी. सहा आठवडे लागतील. शेकानं रोग जळतो, पण तोंडही आतून भाजून निघतं. मग गिळवत नाही. माणूस खाणं सोडतो आणि खंगतो. दर सोमवारी वजन करू. पंधरा पौंड घटले की मला शेक थांबवावे लागतील, कारण त्यापुढं हे शरीर ते सोसणार नाही. आणि मध्येच थांबवले तर रोग पुन्हा उठेल. तेव्हा औषध माझ्याकडं आहे, पण खाऊ घालणं तुमच्याकडं."

फुलसिंगनं मान डोलावली. मीही डोलावली. बिजलीबाई दाराबाहेर भिंतीकडं तोंड करून उभी होती.

पहिला आठवडा बरा गेला, तरी दुसऱ्या सोमवारी काटा एकशे पाचवर आला. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. पहिल्याच आठवड्यात सात पौंड जायचं कारण त्यांना कळेना. फुलसिंग घाबरला. पण घरी दोन मुली शेजाऱ्यांवर टाकलेल्या, वखरणी अर्धी राहिलेली, एक बैल लंगडत असलेला. तो दुसऱ्या दिवशी मोटारीत बसला. जाताना म्हणाला, "गुरुजी, आता तुमीच. ती रांधून देईन, तुमी खाऊ घाला." सासऱ्याच्या समोर बसून सून थोडीच घास भरवणार होती.

त्या आठवड्यात मी काय काय गाढवपणा केला ते आठवलं की आजही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

शेक आता आपला गुण दाखवू लागले होते. बाबांच्या गालाला आतून पांढरे चट्टे पडले, जीभ लाल झाली, लाळ आटली. बोलणं बंद झालं. सिस्टर इंदुताईंनी दोन औषधं दिली होती. एक गोळी ठणक्यावर आणि एक गुळण्या करायचं पातळ औषध, ज्यानं तोंड थोडा वेळ बधिर होतं. अर्धा तास आधी औषध आणि मग जेवण, असं त्यांनी सांगितलं. माझ्या मनगटावर घड्याळ होतं, माझ्या लग्नातलं. मी बरोबर तीस मिनिटं मोजायचो आणि वाटी घेऊन बाबांसमोर ठाण मांडायचो. चमचा पुढं करायचो. "खा बाबा. नाई खाल्लं तं कसं होईन? डॉक्टर काय म्हणाले?" आणि वाटी संपेपर्यंत त्यांच्या तोंडाकडं टक लावून बसायचो. एके दिवशी मला वाटलं, मे महिना आहे, नागपूर आहे, बाबांना आंब्याचा रस किती आवडतो. मी इतवारीतून आंबे आणले, रस काढला, पहिला चमचा त्यांच्या तोंडात घातला.

बाबांनी आवाज केला नाही. वाटी माझ्या हातातून हिसकून भिंतीवर फेकली आणि पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. भर उन्हाळ्यात, दुपारी बाराला.

इंदुताई धावत आल्या. रस पुसता पुसता म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही त्यांना जेवू घालताय की त्यांची परीक्षा घेताय?"

तिसऱ्या सोमवारी काटा नव्व्याण्णववर आला. तेरा पौंड गेले होते. आणखी दोन गेले की खेळ खलास. शेक झाले होते दहा, राहिले होते वीस.

दवाखान्यामागं कडुलिंबाची झाडं होती. गावोगावचे नातेवाईक तिथं तीन विटा मांडून स्वयंपाक करायचे. मी तोंड पाडून तिथं जाऊन बसलो. बिजलीबाई चुलीपाशी होती. मी तिला वजनाचा आकडा सांगितला. तिनं लाकडं पुढं सारली आणि घुंगटाआडून माझ्याशी पहिल्यांदा बोलली. आवाज हळू, पण लटपटता नव्हता.

"गुरुजी, उद्यापासून तुमी बाहीर बसा."

माझा अपमान झाला. "काहून? मी काय कमी केलं?"

"कमी नाई. तुमी त्याच्या तोंडाकडं पाह्यता. मोठा मानूस लेकरावानी खाते, गळते, सांडते, आन् तुमी पाह्यता. त्याले लाज वाटते. लाजेनं घास उतरत नाई."

"मग पाह्यल्याशिवाय समजन कसं, किती दुखते ते?"

"तोंड तं सुजलं. त्याच्यावर आता काईच दिसत नाई. मी पाय पाह्यतो."

मला कळलं नाही. तिनं घुंगटाची कड दोन बोटांत धरून दाखवली. तिच्या त्या ओढणीखालून तिला जमीन दिसायची आणि माणसांचे पाय दिसायचे. बारा वर्षं तिनं सासऱ्याचे फक्त पाय पाहिले होते. पायांवरून ती त्यांची भूक ओळखायची, राग ओळखायची, ताप आलाय का तेही ओळखायची. मी चार वर्षं ज्या घुंगटावर भाषणं झोडत होतो, त्याच्या खालच्या वीतभर फटीतून ही बाई एक आख्खा माणूस वाचायला शिकली होती. मला तो रिवाज तेव्हाही आवडला नव्हता आणि आजही आवडत नाही. पण त्या दिवशी तिचं म्हणणं मी मुकाट मानलं, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवसापासून मी दाराबाहेर बाकड्यावर बसलो आणि पाहत राहिलो. शिकलो म्हणायला हरकत नाही.

ती खाटेच्या पायथ्याशी, बाबांकडं अर्धी पाठ करून जमिनीवर बसायची. मांडीवर कशिद्याचं काम. औषधाची वाटी स्टुलावर ठेवायची आणि बांगडी एकदा वाजवायची. बाबा गुळण्या करायचे. मग ती टाके घालायला लागायची. मधूनच नजर पायांवर. दुखणं जोरात असलं की बाबांच्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटावर घट्ट दाबलेला असायचा. आग होत असली की तळवे एकमेकांवर घासायचे. आणि औषध चढलं की बोटं एकेक करून सैल पडायची, टाच खाटेवर टेकायची. ज्या क्षणी टाच टेकली त्या क्षणी तिची सुई थांबायची. पेज भरलेलं बोंडलं ती स्टुलावर ठेवायची आणि पूर्ण पाठ फिरवून बसायची. बोंडलं म्हणजे लहान लेकरांना दूध पाजायचं चोचीचं भांडं. साठ वर्षांचा तो ताठ माणूस कोणासमोर त्याला तोंड लावणार नव्हता. पाठ फिरवलेल्या सुनेमागं त्यांनी लावलं.

मी घड्याळ लावून पाहिलं. कधी टाच बारा मिनिटांनी टेकायची, कधी पस्तीस. आणि एकदा टेकली की जेमतेम पाव तास तशी राहायची. मी रोज तिसाव्या मिनिटाला चमचा पुढं करत होतो, म्हणजे कधी औषध चढण्याआधी, कधी उतरल्यावर. बधिरपणाचा तो पाव तास मी बहुतेक वेळा चुकवत होतो, आणि ही बाई अचूक पकडत होती. इंदुताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या. मग दोन दिवस स्वतः उभ्या राहून पाहिलं आणि हसायच्या थांबल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या वॉर्डातल्या दोन बायांना आणलं आणि म्हणाल्या, "पाहा, आपल्या माणसाच्या पायांकडं पाहा."

दिवसातली दोन जेवणं तिनं मोडीत काढली. दहा-अकरा वेळा थोडं थोडं द्यायची. ज्वारीच्या पिठाचा पातळ घाटा, दुधात फेटलेलं अंडं, भिजवलेले शेंगदाणे वाटून फडक्यातून गाळलेलं दूध, केळं कुस्करून दुधात, तिखटाशिवाय उकळलेल्या मटणाचं गाळलेलं पाणी. सगळं माठातल्या पाण्यात भांडं ठेवून गार केलेलं. प्रत्येक वेळी वर थोडं लोणी किंवा तूप, कारण तेवढ्याच घोटात जास्त बळ जायला हवं. आणि आश्चर्य असं की ती जे देई ते कधी झोंबत नसे. आंब्याच्या रसासारखी चूक तिच्या हातून एकदाही झाली नाही. ताक नाही, टमाटा नाही, हे तिला कोणी सांगितलं असेल, असं मी धरून चाललो होतो.

एक दिवस मी कडुलिंबाखाली गेलो तर ती झाडाआड उकिडवी बसून थुंकत होती. घुंगट मागं सरकला होता. तिचा चेहरा मी पाहिला तो असा, पहिल्यांदा. तिशीची बाई, गोरेली, ओठ पांढरे पडलेले, डोळ्यांत पाणी. बाजूला चुन्याची डबी उघडी होती. माझा संताप अनावर झाला.

"तंबाखू? सासरा तिकडं जळून राह्यला आन् तू इकडं तंबाखू खाऊन राह्यली?"

तिनं घाईनं घुंगट ओढला. "तंबाखू नाई, गुरुजी. नुसता चुना हाय."

"कायले?"

तिनं डबीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "गालाले लावला. भाजून घेतलं. आता हे एक एक चाखून पाह्यतो. मले झोंबलं तं त्याले देत नाई. त्याले तं बोलता येत नाई. मी कोनाले इचारू, कायनं आग होते ते?"

चुलीपाशी पाच वाट्या मांडल्या होत्या. ताकाची, घाट्याची, मटणाच्या पाण्याच्या दोन, एकीत मीठ आणि एकीत नाही, आणि दाण्याच्या दुधाची. भाजलेल्या तोंडानं ती एकेकीची चव घेत होती. मिठाची वाटी तिनं बाजूला सारली आणि तिच्यात दोन चमचे पाणी ओतून पुन्हा चाखली.

डॉक्टरांनी, मी, फुलसिंगनं, कोणीही ते दुखणं बाहेरूनच पाहिलं होतं. या बाईनं ते स्वतःच्या गालात आणून ठेवलं होतं. मला फक्त "फार नको लावू" एवढंच म्हणता आलं.

चौथा सोमवार उजाडला. तेवीस मे. मी मोठ्या उमेदीनं बाबांना काट्यावर उभं केलं. तोंड सर्वांत वाईट अवस्थेत होतं, तरी आठवडाभर त्यांच्या पोटात रोज काहीतरी गेलं होतं. काटा सत्त्याण्णववर थांबला.

खरं तर हा चमत्कार होता. असल्या आठवड्यात फक्त दोन पौंड. पण एकशे बारातून सत्त्याण्णव गेले की पंधरा उरतात. डॉक्टरांनी कागदावर आकडा लिहिला, टोपण लावलं आणि माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही पुष्कळ केलंत. पण मी धोका पत्करणार नाही. आजपासून शेक बंद."

पंधरा शेक झाले होते, नेमके निम्मे. मी हात जोडले, तोंडाला येईल ते बोललो, शेवटी आवाजही चढवला. डॉक्टर रागावले नाहीत. पण बधलेही नाहीत. बाबा काट्यावरच उभे होते. त्यांना आकडे कळत नव्हते, बाकी सगळं कळलं होतं.

बिजलीबाई दारात होती. तिनं मला खुणेनं बाहेर बोलावलं. म्हणाली, "गुरुजी, पयल्या दिवशी काटा किती होता?"

"एकशे बारा."

"आन् त्या दिवशी बाच्या अंगावर काय काय होतं?"

मी आठवू लागलो. दवाखान्यात जायचं म्हणून बाबा जातपंचायतीला जावं तसे नटून आले होते. डोक्यावर वीस हातांचं पागोटं, पायात नालाचे जोडे, हातात पितळी मुठीची काठी. काठी आणि पागोट्याशिवाय परक्या माणसांपुढं उभं राहणं त्यांच्यात बसत नाही, आणि त्या दिवशी गर्दीत कोणी त्यांना काढायलाही सांगितलं नव्हतं. त्याच दुपारपासून शेकाच्या खोलीत जाताना हे सारं उतरवावं लागलं आणि पुढची वजनं धोतर-बंडीवर झाली. मी कपाळावर हात मारला.

पण तिचं अजून संपलं नव्हतं. तिनं कमरेची गाठ सोडली आणि फडक्यात बांधलेलं एक जड गाठोडं काढलं. त्यात चांदीच्या जाडजूड वांक्या होत्या, पायात घालायच्या, बाबांच्या वारलेल्या बायकोच्या. बायको गेल्यापासून बाबा त्या बंडीखाली कमरेला बांधून असत. झोपडीत त्या ठेवायच्या कशा? मुलालाही ठाऊक नव्हतं. शेकाच्या पहिल्या दिवशी धातू अंगावर नको म्हटल्यावर त्यांनी गाठोडं जमिनीवर ठेवलं होतं आणि पाठ फिरवली होती. सुनेनं ते उचललं होतं. तेव्हापासून ते तिच्या कमरेला होतं.

"तू सांग डॉक्टरले," मी म्हटलं.

ती बोलली नाही. सासरा समोर होता. ती सरळ आत गेली. घुंगट छातीपर्यंत ओढलेला. खोलीतले लोक बाजूला झाले. तिनं खुंटीवरचं पागोटं काढून बाबांच्या पायाशी काट्यावर ठेवलं, मग जोडे, मग काठी आडवी, आणि शेवटी फडकं सोडून त्या वांक्या. काटा चढला. एकशे दोन. तिनं हात जोडले आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली.

डॉक्टर उठले. त्यांनी एक वांकी उचलली, हातात तोलली. माझ्याकडं पाहून विचारलं, "पहिल्या दिवशी हे सगळं होतं?" मी हो म्हटलं आणि सारं सांगितलं. त्यांनी टोपण काढलं, पहिला आकडा खोडला, त्यावर एकशे सात लिहिलं. मग त्यांनी ती वांकी फडक्यावर परत ठेवली, देवापुढं एखादी वस्तू ठेवावी तशी. "दहाच गेलेत," ते म्हणाले. "शेकाला घेऊन जा."

पुढचे तीन आठवडे सोपे नव्हते. गाल बाहेरूनही काळा पडला, कातडी सुटली. पाचव्या आठवड्यात एकदा बाबांनी पाय भिंतीकडं वळवून घेतले. म्हणजे आता पुरे, मला काही नको. मी हवालदिल झालो. बिजलीबाईनं काही दिलं नाही, काही वाजवलं नाही. ती तिथंच बसून टाके घालत राहिली, सकाळपासून दुपारपर्यंत. तिनंही त्या वेळात पाण्याचा घोट घेतला नाही. दोनच्या सुमाराला बाबांचे पाय हळूहळू पुन्हा तिच्या बाजूला वळले. तिनं औषधाची वाटी ठेवली. वजन मग सत्त्याण्णव, शहाण्णव, पुन्हा सत्त्याण्णव असं राहिलं. दहा जूनला तिसावा शेक झाला.

बाबा त्यानंतर नऊ वर्षं जगले. गाल एका बाजूनं आखडला, जेवण मऊच राहिलं, पण तो रोग परतला नाही. ते गेले ते म्हातारपणानं, थंडीच्या दिवसांत. बिजलीबाईनं घुंगट शेवटपर्यंत सोडला नाही. मी मात्र त्यानंतर तांड्यात घुंगटावर भाषण दिलं नाही. मुली शाळेत याव्यात म्हणून घरोघर फिरलो, आणि तिच्या दोन्ही मुली सर्वांत आधी आल्या. तालुक्यात कोणाच्या घरी हा रोग निघाला की लोक बिजलीबाईला बोलावून नेत. ती जायची, खाटेच्या पायथ्याशी बसायची आणि त्या घरच्या बायांना पाय पाहायला शिकवायची.

पण मला सांगायचं आहे ते त्या दहा जूनचं.

डॉक्टरांनी बाबांचं तोंड तपासलं, समाधानानं मान हलवली. "आता थोडं थोडं बोलायला लागा बाबा. नाहीतर जीभ आखडून बसेल. बोला, काहीही बोला." बाबा महिनाभर बोलले नव्हते. इंदुताई थांबल्या, मी थांबलो. दाराशी बिजलीबाई पाठ करून सामानाचं बोचकं बांधत होती. बाबांनी ओठ हलवले, जीभ वळवून पाहिली. शब्द आले ते जड, तुटक, पण स्पष्ट. सुनेशी थेट बोलायचा रिवाज नव्हता, म्हणून ते माझ्याकडं पाहून बोलले.

"गुरुजी, तिले इचारा. ती जेवली काय?"

मी तिच्याकडं वळलो. चाळीस दिवस मी तिथं होतो. बाबांचे घोट मोजले होते, मिनिटं मोजली होती, पौंड मोजले होते. ती चुन्यानं तोंड भाजून घेते हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग भाजलेल्या तोंडानं ही बाई स्वतः काय खात असेल, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. स्त्रियांच्या कैवाराची भाषणं देणारा मी, आणि हे विचारलं त्या माणसानं, ज्याला महिनाभर स्वतःलाच घास उतरत नव्हता. त्यांना ते कसं कळलं कोण जाणे. तिच्याही पायांवरून असेल.

मला विचारावं लागलं नाही. तिनं बोचक्याची गाठ सोडून दिली.

"आता जेवतो," ती म्हणाली. ते मला उद्देशून नव्हतं.

इंदुताईंनी आपला डबा आणून तिच्यापुढं ठेवला. वरणभात होता. ती दारातच बसली, पाठमोरी, आणि लहान लहान घास घेऊन, थांबत थांबत जेवू लागली. बाबा खाटेवर बसून राहिले. पागोटं शेजारी होतं, ते त्यांनी डोक्यावर चढवलं नाही. मी एकदा घड्याळ पाहिलं, तर त्यांनी हातानं मला थांबायची खूण केली. तिचा डबा संपेपर्यंत ते उठले नाहीत. यवतमाळची दोनची मोटार आम्ही त्या दिवशी चुकवली.